‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि आपली नित्याची औषधे

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत वर्षातील बहुतेक महिने लख्ख ऊन असते. तरीही हाडे दुखणे, कंबरदुखी, अशक्तपणा अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांच्या चिठ्ठीवर ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी लिहिलेली असते. दिवसाचा बराच वेळ छपराखाली जाणे, अंगभर वस्त्रे, वाढते वय अशी त्याची कारणे आहेत. कमतरता असेल तर हा उपचार योग्यच होय. मात्र बहुतेक घरांत या पुडीला ‘ताकदीची पावडर’ समजले जाते आणि डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असे विचारले असता तिचा उल्लेख होत नाही. ही पुडी औषधच आहे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत टिपण आहे.

हे जीवनसत्त्व प्रथम यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात रूपांतरित होऊन कार्यक्षम बनते. आतड्यातून कॅल्शियम शोषून रक्तात पोहोचविणे हे त्याचे मुख्य कार्य. म्हणून इतर औषधांशी त्याचा संबंध दोन प्रकारे येतो. काही औषधे त्याचा साठा घटवितात. तर काही औषधांबरोबर ते घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून अपाय संभवतो.

पहिल्या प्रकारात फिट्सवरील फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन व कार्बामाझेपिन आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ही औषधे येतात. यांच्यामुळे यकृतात ‘ड’ जीवनसत्त्वाचे विघटन वेगाने होते. दमा वा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेले प्रेडनिसोलोन कॅल्शियमचे शोषण कमी करते. वजन घटविण्यासाठी दिले जाणारे ऑर्लिस्टॅट जीवनसत्त्वाचे शोषणच रोखते. अशा रुग्णांना कदाचित अधिक मात्रेची गरज भासते. तो निर्णय डॉक्टरांचा. या कारणास्तव फिट्सची वा क्षयरोगाची गोळी स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये.

दुसरा प्रकार अधिक सावधगिरीचा आहे. रक्तदाबासाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइड व क्लोरथॅलिडोन ही औषधे लघवीवाटे जाणारे कॅल्शियम रोखून धरतात. पुष्कळदा ती टेल्मिसार्टनसारख्या औषधासोबत एकाच गोळीत असतात, त्यामुळे रुग्णास त्यांची कल्पनाही नसते. त्यावर ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची भर पडली की रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांच्या बाबतीत अशा वाढीने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाल्यास हा त्रास बळावतो. अतिशय तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गळून जाणे वा बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

सोबत दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीविषयीही एक नियम ध्यानात ठेवावा. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत किमान ४ तासांचे अंतर असावे. अन्यथा थायरॉइडची गोळी नीट लागू पडत नाही. लोहाच्या गोळ्या आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविकेही कॅल्शियमसोबत घेऊ नयेत.

आता थोडा हिशेब मांडू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज ६०० एकक आहे. बाजारातील पुडी सामान्यतः ६०,००० एककांची, म्हणजे १०० दिवसांच्या गरजेइतकी असते. डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठराविक आठवड्यांसाठी देतात. हीच पुडी गैरसमजाने रोज घेतली, तर आठवड्याला ४,२०,००० एकके पोटात जातात. हे जीवनसत्त्व शरीरातील चरबीत साठते. ते लघवीवाटे चटकन निघून जात नाही. म्हणून पुडी बंद केल्यावरही अपाय काही आठवडे, प्रसंगी महिने टिकू शकतो.

आपल्या भागात याला आणखी एक पैलू आहे. समजा, देगलूरच्या एका आजींची रक्तदाबाची गोळी गावातून चालू आहे, हृदयाची औषधे नांदेडच्या डॉक्टर्स लेनमधून आणि गुडघ्यांची हैदराबादहून. उदगीर, अहमदपूर, मुखेडकडील कुटुंबांनाही हे चित्र अपरिचित नाही. तिन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर असतात. परंतु तिन्ही एकत्र कोणीच पाहिलेल्या नसतात. खतावणीची पाने वेगवेगळ्या कपाटांत ठेवली तर शिल्लक कळत नाही, तसेच हे आहे.

यास्तव रुग्णांच्या नातेवाइकांना आमची नम्र विनंती आहे की, प्रत्येक भेटीच्या वेळी घरातील सर्व औषधांची पिशवी, पुड्या, टॉनिके व वैद्यांच्या औषधांसह, सोबत आणावी. पुडी घेण्याचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार वा मुतखडा असल्यास तो आवर्जून सांगावा. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून परस्पर पुड्या आणू नयेत.

दात्यांनी व विश्वस्तांनीही हे ध्यानी घ्यावे की, रक्तातील कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांची साधी तपासणी वेळेवर झाली तर एखाद्या वृद्धाचे मूत्रपिंड वाचू शकते. आपल्या देणगीतून गरजू रुग्णाची अशी तपासणी होते, तेव्हा यंत्रसामग्रीच्या खरेदीइतकेच तेही मोलाचे रुग्णसेवेचे कार्य असते.