छोट्या व्यवसायात हिशेबवहीचे महत्त्व

तथागत भगवान बुद्धांनी केवळ भिक्खूंनाच नव्हे, तर संसारी माणसांनाही उपदेश केला. कोलियांच्या प्रदेशात दीघजाणु नावाच्या गृहस्थाने त्यांना इहलोकीच्या सुखाचा मार्ग विचारला. तेव्हा त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, मिळवलेल्या धनाचे रक्षण, सन्मित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे आपली आवक-जावक जाणून त्या बेताने जगणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपल्या मिळकतीचे कळले पाहिजे. दुकानदाराचा हा तराजू म्हणजे हिशेबवही होय.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्राचे पंडित होते. १९२३ साली त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. हिशेबनीस घडविणाऱ्या संस्थेत त्यांनी अध्यापन केले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

आपल्या समाजातील पुष्कळ बांधव त्यांच्या घराण्यातील पहिलेच व्यावसायिक आहेत. वाडवडिलांची दुकानदारी पाठीशी नसल्याने त्यांना हिशेबाची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. ती नसेल तर काय घडते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

डोणगावातील एका किराणा दुकानात महिन्याच्या आरंभी ३०,००० रुपयांचा माल होता. महिन्यात ५०,००० रुपयांचा माल मेहकरहून आणला. पैकी ३५,००० रोख दिले, १५,००० देणे राहिले. विक्री ६०,००० झाली. त्यात १२,००० उधारी. भाडे, वीज व वाहतूक यांवर ३,५०० खर्च झाले. घरखर्चासाठी गल्ल्यातून ७,००० उचलले. महिनाअखेर २८,००० रुपयांचा माल उरला आणि गल्ल्यात २,५०० रुपये वाढले. दुकानदार समाधानी झाला.

आता हिशेब मांडू. विकलेल्या मालाची किंमत ३०,००० अधिक ५०,००० वजा २८,००० म्हणजे ५२,००० रुपये. ढोबळ नफा ८,०००. खर्च वजा जाता निव्वळ नफा ४,५००. उचल मात्र ७,०००! म्हणजे २,५०० रुपयांचे भांडवलच घरात खाल्ले गेले. गल्ला वाढला आणि दुकान घटले. असे वर्षभर चालले तर ३०,००० रुपयांचे भांडवल संपेल आणि दुकानदार सावकाराच्या दारात उभा राहील. विक्री म्हणजे नफा नव्हे आणि गल्ला म्हणजे कमाई नव्हे, हा या पाठाचा सारांश होय.

यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. कीर्द : रोजची जमा व खर्च त्याच दिवशी तारखेसह लिहावी. मोबाइलवर आलेली रक्कमही लिहावी.

२. खतावणी : प्रत्येक गिऱ्हाइकाचे व घाऊक व्यापाऱ्याचे वेगळे पान ठेवावे. उधारीच्या नोंदीपुढे गिऱ्हाइकाची सही घ्यावी. त्यामुळे भांडण टळते.

३. उचल : घरखर्चासाठी महिन्याची रक्कम ठरवावी. घरात नेलेला साबण-साखरही उचल म्हणून लिहावी. दुकानाचे बँक खाते वेगळे असावे.

४. मालमोजणी : महिनाअखेर शिल्लक माल खरेदीच्या भावाने मोजून नफा-तोटा काढावा.

वहीचा उपयोग कर्जासाठीही होतो. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारण लागत नाही. अशा वेळी व्यवसाय कसा चालतो हे बँकेला पटवून द्यायचे, तर नीट ठेवलेली वही फार कामी येते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना नम्र विनंती की, प्रत्येकाने निदान एका दुकानदाराला तीन महिने कीर्द लिहिण्यास मदत करावी. त्याचा संसार सावरेल आणि तुमचे पुस्तकी ज्ञान पक्के होईल. बांधवांनो, दिवसाकाठी दहा मिनिटे वहीला द्या. कर्जमुक्त असण्याचे सुखही भगवंतांनी गृहस्थाच्या सुखांत गणले आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!