धावण्याआधी कॅफीनची गोळी घ्यावी का?

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे, वजन ५८ किलो. पोलीस भरतीची तयारी करतोय. आमच्या ग्राउंडवरची काही मुलं सोळाशे मीटर धावण्याच्या आधी २०० मिलिग्रॅमची कॅफीनची गोळी घेतात, काही जण प्री-वर्कआउट पावडरीचा स्कूप मारतात. एक जण दोन्ही घेतो आणि त्याचं टायमिंग सुधारलंय. हे सुरक्षित आहे का? यावर बंदी आहे का? चहा तर आपण रोज पितोच, मग गोळीत वेगळं काय?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : कॅफीनने फरक पडतो, हे आधीच मान्य करतो. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि त्याच्यामुळे आपल्याला थकल्यासारखे वाटते. एसटीत कुणी आधीच रुमाल टाकून सीट धरावी, तसे कॅफीन या ॲडेनोसिनची जागा अडवून बसते. थकवा शरीरात असतोच, पण त्याची वर्दी मेंदूला उशिरा पोहोचते. गोळी घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासात रक्तातले प्रमाण सर्वांत जास्त होते. वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर दमाच्या खेळांत सरासरी दोन ते चार टक्के सुधारणा दिसते, असे अनेक प्रयोगांतून आढळले आहे.

तुमची सोळाशे साडेपाच मिनिटांत होत असेल, तर दोन ते चार टक्के म्हणजे सात ते तेरा सेकंद. भरतीत पूर्ण २० गुणांसाठी पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत यावे लागते. वर्षानुवर्षे पहाटे उठून धावणाऱ्या मुलासाठी या सेकंदांची किंमत काय असते, याची मला कल्पना आहे. म्हणून ‘असल्या नादी लागू नका’ एवढे सांगून तुमची बोळवण करणार नाही. मात्र ती सरासरी आहे. त्याच मात्रेने एखाद्याला काहीच फरक पडत नाही आणि एखाद्याचे हात थरथरतात, पोट बिघडते.

आता सुरक्षिततेचे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढ माणसाला एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते. व्यायामाच्या आधीच्या दोन तासांत घेतलेले २०० मिलिग्रॅमही त्यात आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम धरली आहे. तिच्या हिशेबाने दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. टपरीवरचा कटिंग त्याहून लहान असतो. शिवाय चहा आपण फुंकून फुंकून, दिवसभरात विभागून पितो. गोळीतले तीन-चार कपांचे कॅफीन एका घोटात पोटात जाते, फरक तो आहे.

म्हणजे ५८ किलोच्या निरोगी मुलाने घेतलेली एक गोळी मर्यादेत बसते. गोळीवर स्कूप घेणारा तुमचा मित्र मात्र मर्यादेबाहेर आहे. बाजारातल्या बऱ्याच प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते. दोन्ही मिळून ५०० पर्यंत सहज जाते, म्हणजे किलोमागे आठ मिलिग्रॅमच्या वर. नऊच्या आसपास गेल्यावर कामगिरी आणखी सुधारत नाही, त्रास तेवढा वाढतो.

युरोपच्या त्या मतात एक अट आहे आणि खानदेशात ती फार महत्त्वाची ठरते. व्यायाम सर्वसाधारण हवामानात होतोय, असे त्यात गृहीत धरले आहे. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर शासनाला धावण्याचे अंतर कमी करावे लागले. त्या मृत्यूंचा कॅफीनशी संबंध मी जोडत नाही. उकाड्यात जिवाच्या आकांताने धावणे हेच केवढे जोखमीचे आहे, ते त्यातून कळते. अशा हवेत ‘आता थांब’ हा शरीराचा इशारा हाच तुमचा पहारेकरी असतो, आणि कॅफीन नेमका तोच दाबते. हृदयाचेही पाहा. झुरिकच्या संशोधकांनी २००६ मध्ये निरोगी लोकांना २०० मिलिग्रॅम कॅफीन देऊन व्यायाम करायला लावला, तेव्हा व्यायामात हृदयाच्या स्नायूला वाढीव रक्त पुरवण्याची क्षमता २२ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. धडधाकट हृदय हे निभावून नेते. ज्याच्या हृदयात जन्मतः दोष आहे, त्याचे तसे नाही, आणि असे दोष अनेकदा पंचविशीपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

म्हणून ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेले आहे, ज्यांना धावताना कधी चक्कर आली, छातीत दुखले किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, त्यांनी गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी ईसीजी काढावा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय आहे. रक्तदाब, फिट्स, तीव्र ॲसिडिटी किंवा घबराटीचे झटके असलेल्यांनीही दूर राहावे. दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल तर ते कॅफीनचेच भावंड आहे, दोघांचा परिणाम एकत्र होतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाने कॅफीन शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो. सर्दी-डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते, तेव्हा पाकीट वाचा.

गोळीपेक्षा मला धास्ती वाटते ती पावडरीची. स्कूप घेतल्यावर चेहऱ्याला आणि हातांना मुंग्या येतात, त्याला मुले ‘चढलं’ म्हणतात. त्या मुंग्या बहुधा बीटा-ॲलनिनच्या असतात, ताकदीशी त्यांचा संबंध नसतो. डब्यावर ‘ब्लेंड’ एवढेच लिहून प्रत्येक घटकाचे प्रमाण झाकलेले असेल, तर तो डबा घेऊ नका. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तीस वर्षांची एक धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळून मरण पावली. तिने घेतलेल्या पावडरीत डीएमएए हे उत्तेजक होते. सुट्टी शुद्ध कॅफीन पावडर तर हातातही धरू नये. तिच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे २८ कप कॉफीचे कॅफीन असते. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २०१५ मध्ये एका प्रयोगात हिशेबातला दशांश चिन्ह चुकले आणि दोन विद्यार्थ्यांना ०.३ ग्रॅमऐवजी ३० ग्रॅम कॅफीन दिले गेले. दोघांना अतिदक्षता विभागात डायलिसिस करून वाचवावे लागले आणि विद्यापीठाला चार लाख पौंड दंड झाला. प्रयोगशाळेत हे घडू शकते, मग ग्राउंडच्या कडेला बाटलीच्या झाकणाने पावडर मोजणाऱ्या मुलांचे काय?

बंदीचे म्हणाल, तर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने कॅफीन २००४ पासून बंदी यादीतून काढले आहे, त्यावर फक्त नजर ठेवली जाते. पण मेफेंटरमाइनचे इंजेक्शन, जे राज्यातल्या काही जिमांच्या आसपास चोरून विकताना पकडले गेले आहे, ते पूर्ण वेगळे प्रकरण. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर डॉक्टर ते वापरतात. ते बंदी यादीत आहे आणि त्याने हृदय बंद पडू शकते. कुणी ‘कॅफीनसारखंच आहे’ म्हणाले, तर त्या माणसाची संगत सोडा.

भरतीच्या दिवसाची एक अडचण मुलांच्या ध्यानात येत नाही. पहाटे चारला रांगेत उभे राहता, कागदपत्रे, उंची-छाती होते आणि धावायला नंबर कधी लागेल सांगता येत नाही. पाचला घेतलेल्या गोळीचा जोर सहाला असतो, नंबर दहाला लागतो. मग घाबरून दुसरी गोळी घेतली जाते, उपाशीपोटी, उन्हात. मला हीच वेळ सर्वांत धोक्याची वाटते. संध्याकाळच्या सरावाआधीही घेऊ नका. कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, रात्रीची झोप जाते आणि झोपेचे नुकसान त्या सात सेकंदांपेक्षा मोठे असते.

तुम्ही मला विचारले म्हणून सांगतो, मी तुमच्या जागी असतो तर गोळी घेतली नसती. पहाटे एक कप चहा किंवा कॉफी, सोबत दोन केळी, रांगेत पाण्याची बाटली. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर सायकल चालवायला लावली, तेव्हा केळी खाऊन आणि स्पोर्ट्स ड्रिंक पिऊन लागलेल्या वेळेत फरक पडला नाही. त्या अभ्यासाला एका केळी कंपनीचा पैसा होता, हेही सांगायला हवे. सोळाशेच्या पाच मिनिटांसाठी केळ्याने वेग वाढणार नाही, पण रांगेतले पाच तास पोट रिकामे राहणार नाही. तरीही गोळी घ्यायचीच ठरवली, तर अर्धी, म्हणजे १०० मिलिग्रॅम, आधी सरावात, थंड सकाळी, सोबत कुणी असताना घेऊन पाहा. भरतीच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नको.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. जिमला जाण्याआधी एनर्जी ड्रिंक पितो. चालेल का?
— एक आई, शिरपूर

उत्तर : नको, ताई. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि ‘मुलांसाठी नाही’ असे डब्यावरच छापावे लागते. मुलांच्या आहारात या पेयांना जागाच नाही, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितले आहे. शाळांच्या ५०० मीटरच्या आत ती विकू देणार नाही, असे राज्य सरकारने २०२४ मध्ये विधिमंडळात जाहीर केले होते. त्याला रागावण्यापेक्षा जेवणाकडे आणि झोपेकडे पाहा. या वयात व्यायामाआधी मरगळ येते ती बहुधा रात्री उशिरापर्यंतच्या मोबाइलमुळे. आणि कधी असे पेय किंवा पावडर घेतल्यावर त्याला सारख्या उलट्या झाल्या, छातीत जोरात धडधडले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा फिट आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि तो डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.