घटक ६ : ऐकलेली कादंबरी – विज्ञानकथा व अद्भुतिका यांच्या श्राव्य पुस्तकांविषयी श्रोत्याचे मत

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला श्राव्य पुस्तक ऐकून बनलेल्या मतात मूळ संहितेचा वाटा कोणता आणि निवेदकाच्या वाचनाचा वाटा कोणता, हे वेगळे करून सांगता येईल. विज्ञानकथा व अद्भुतिका ऐकताना श्रोत्यापुढे येणाऱ्या अडचणी सोदाहरण स्पष्ट करता येतील. तसेच ऐकलेल्या पुस्तकाविषयी साधार अभिप्राय लिहिता येईल.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण विज्ञानकथेचे स्वरूप पाहिले. तो घटक शिकवीत असताना एका संपर्कसत्रात एका दृष्टिहीन विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकाला विचारले, "सर, वाचलेल्या पुस्तकांची यादी द्यायची आहे. मी ऐकलेली पुस्तके त्यात लिहू का?" वर्गात थोडे हसू उमटले. एका विद्यार्थ्याने 'ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे' असे मतही दिले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिची सारी ग्रंथसंपदा कानांवाटे आलेली होती. ती यादीत धरायची नाही, तर पदवीच्या तिसऱ्या वर्षातील ही विद्यार्थिनी निरक्षर ठरते.

तिला त्या दिवशी 'अवश्य लिहा' असे उत्तर दिले. तथापि त्या विद्यार्थ्याच्या आक्षेपातही काही तथ्य होते, आणि ते नेमके किती, याचा विचार हाच या घटकाचा विषय आहे. श्राव्य पुस्तकाचा आरंभच दृष्टिहीनांसाठी झाला, हे येथे लक्षात घ्यावे. ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांसाठी 'बोलक्या पुस्तकां'ची योजना सुरू झाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचे वाचन मावत असे; म्हणजे एका कादंबरीसाठी तबकड्यांची चळतच लागे. आज तेच काम भ्रमणध्वनीवर होते. २०१७ साली स्टोरीटेल ही सेवा भारतात आल्यानंतर मराठी पुस्तके ऐकणाऱ्यांचे वर्तुळही रुंदावले. ऐकणारा आता केवळ दृष्टिहीन वाचक राहिलेला नाही. तो बसने कामाला जाणारा आहे, पोळ्या लाटणारी गृहिणी आहे, आणि मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी तर आहेच.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ओळखीचे जग आणि अनोळखी जग

अद्भुत कथा ऐकणे मराठी माणसाला नवीन नाही. चातुर्मासात देवळात वा घराच्या ओसरीवर 'हरिविजय', 'पांडवप्रताप' यांचे वाचन होई. एक जण पोथी वाची आणि इतर ऐकत. त्यात आकाशातून जाणारी विमाने होती, मायावी राक्षस होते, दिव्यास्त्रे होती. मग आजचा श्रोता एखादी अद्भुतिका किंवा विज्ञानकथा ऐकू लागला की पहिल्या तासातच 'काही कळत नाही' असे का म्हणतो?

कारण पोथीच्या श्रोत्याला कथा आधीच ठाऊक असे. अर्जुन कोण, द्वारका कुठे, हे त्याला सांगावे लागत नसे. त्याचे अद्भुत हे ओळखीच्या जगातले अद्भुत होते. विज्ञानकथेचा लेखक याच्या नेमके उलट करतो. तो ग्रह नवा निर्माण करतो, त्यावरची राज्यव्यवस्था नवी, वनस्पती नव्या, शिव्यादेखील नव्या. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (१९६५) या कादंबरीच्या शेवटी शब्दसूचीच दिलेली आहे, कारण तिच्यातील शब्दसंपदा वाचकाला कोठे तरी पडताळून पाहावी लागते. छापील पुस्तकाचा वाचक एक बोट सूचीच्या पानात ठेवून वाचतो. श्रोत्याला बोट ठेवायला जागा नाही. सूची ध्वनिमुद्रणाच्या अखेरीस वाचली गेली, तरी तोवर कथा संपलेली असते!

म्हणून 'सुरुवात कंटाळवाणी आहे' या श्रोत्याच्या मताकडे जरा सावधपणे पाहावे. अनेकदा तो दोष लेखकाचा नसतो, निवेदकाचाही नसतो. एक अनोळखी जग केवळ कानांनी उभे करण्याचा तो शीण असतो. अनुभवाने असे वाटते की, अशा पुस्तकाचा पहिला तास दोनदा ऐकावा. दुसऱ्या वेळी तोच मजकूर आश्चर्य वाटावे इतका सोपा होतो. आणि हाताला दुसरे काम असताना तो तास ऐकू नये.

६.३.२ नावाचा उच्चार कोण ठरवतो?

छापील पुस्तकात एखादे विचित्र नाव आले तर आपण ते मनात कसेही उच्चारतो, किंवा उच्चारतच नाही. अक्षरांचा आकार ओळखून पुढे जातो. निवेदकाला ही सवलत नाही. त्याला प्रत्येक नाव उच्चारावेच लागते, आणि एकदा उच्चारले की श्रोत्यासाठी तेच नाव कायम होते.

जे. आर. आर. टॉल्किन हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या अद्भुतिकेच्या परिशिष्टात त्यांनी आपल्या कल्पित भाषांच्या उच्चारांचे नियम दिले आहेत; उदाहरणार्थ, रोमन लिपीतील 'सी' या अक्षराचा उच्चार त्या नावांत नेहमी 'क' असाच करावा. त्यामुळे केलेबॉर्न हे नाव 'सेलेबॉर्न' असे वाचणारा निवेदक चूक करतो, असे आपण निश्चितपणे म्हणू शकतो. सगळेच लेखक इतके काटेकोर नसतात. हॅरी पॉटरच्या कथांतील खलनायकाच्या नावातील शेवटचा 'ट' लेखिकेच्या मते अनुच्चारित आहे. अमेरिकन आवृत्तीचे निवेदक जिम डेल आरंभीच्या पुस्तकांत तो उच्चारत नसत. चित्रपटांत मात्र 'व्होल्डमोर्ट' रूढ झाले, आणि पुढील पुस्तकांत त्यांनीही तेच स्वीकारले. येथे लेखिका बरोबर की रूढी, हा वाद मनोरंजक आहे. पण श्रोत्याच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, एकच पात्र मालिकेच्या मध्यावर नाव बदलते.

मराठीत हा प्रश्न सुटलेला आहे, असा आपला समज असतो. आपण जसे लिहितो तसे बोलतो, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु 'चंद्र' आणि 'चाक', 'जन्म' आणि 'जहाज' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. च आणि ज या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आपण करतो, आणि लिपीत त्यांच्यासाठी एकच खूण आहे. परिचित शब्दांत सवय आपल्याला तारून नेते. पण एखाद्या मराठी विज्ञानकथाकाराने 'चारण्य' नावाचा कल्पित ग्रह निर्माण केला, तर तो 'चार' या संख्येतील च की जनावरांच्या 'चाऱ्या'तील च? छापील कथा वाचणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. निवेदकाला मात्र ध्वनिमुद्रणाआधी लेखकाला विचारावे लागते, किंवा स्वतः निर्णय घ्यावा लागतो.

पारिभाषिक शब्दांचेही असेच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. कथेचे नाव 'कृष्णविवर'. हा शब्द कानाला अर्थ सांगतो, कारण काळे आणि विवर हे दोन्ही घटक मराठी श्रोत्याच्या परिचयाचे आहेत. परंतु 'प्रकाशवर्ष' हा शब्द ऐकणारा त्यातील 'वर्षा'मुळे तो काळाचे माप समजतो, आणि कथेतले अंतर त्याच्या मनात चुकते. डोळ्यांपुढे शब्द असता तर तो थांबला असता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) पोथीचा श्रोता आणि विज्ञानकथेचा श्रोता यांच्यातील मुख्य फरक तीन-चार वाक्यांत सांगा.
आ) आपण वाचलेल्या कोणत्याही मराठी विज्ञानकथेतील असे दोन शब्द शोधा, जे ऐकताना वेगळा अर्थ सुचवितात.

६.३.३ डोळ्यांसाठी लिहिलेले, कानांसाठी लिहिलेले

आता थोडे खोलात जाऊ. काही कथांमध्ये लिपी हीच कथेची सामग्री असते. डॅनियल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' ही कथा १९५९ साली आली आणि १९६६ साली कादंबरीरूपाने प्रसिद्ध झाली. चार्ली गॉर्डन हा मतिमंद तरुण स्वतःच्या हाताने नोंदी लिहितो. शस्त्रक्रियेनंतर त्याची बुद्धी वाढत जाते आणि पुढे ओसरते. हे सारे वाचकाला कळते ते त्याच्या शुद्धलेखनातून. आरंभी प्रत्येक ओळीत चुका. मग चुका कमी होतात. स्वल्पविराम शिकल्यावर तो जवळजवळ प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम टाकतो. मग वाक्ये प्रौढ होतात. आणि अखेरीस त्या जुन्या चुका एकेक करून परत येतात. त्या परतलेल्या चुका पाहताना वाचकाच्या पोटात कालवते.

श्रोत्याला यातले काय मिळते? चुकीचे लिहिलेला शब्द आणि बरोबर लिहिलेला शब्द बहुधा सारखाच ऐकू येतो. म्हणून निवेदकाला आवाज मंद करावा लागतो, अडखळावे लागते. पण विचार करा: लिहिताना चुकणारा माणूस बोलताना अडखळतोच असे नाही. आपल्या खेड्यापाड्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा गंध नसलेली आणि तरीही अस्खलित, मार्मिक बोलणारी माणसे आपण रोज पाहतो. निवेदकाने चार्लीला अडखळायला लावले की, त्याने चार्लीच्या अंगी एक नवे लक्षण घातले. ते उत्तम अभिनयाने घातलेले असू शकते, परंतु ते लेखकाचे नव्हे. या एका पुस्तकाबाबत प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ऐकण्यापूर्वी ते पाहावे. ज्याला पाहता येत नाही त्याला कुणी तरी सांगावे की, येथे अक्षरे चुकलेली आहेत.

याच्या उलट टोकाला अँडी वीयर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) ही कादंबरी आहे. (ती अद्याप न वाचलेल्यांची क्षमा मागून पुढील वाक्य लिहावे लागते.) तीत नायकाला भेटणारा परग्रहवासी शब्दांनी बोलत नाही, त्याची भाषा एकाच वेळी उमटणाऱ्या अनेक सुरांची आहे. छापील पुस्तकात त्याच्या बोलण्याभोवती संगीताच्या खुणा छापल्या आहेत, म्हणजे वाचकाने सूर कल्पायचे. रे पोर्टर यांच्या ध्वनिमुद्रणात ते सूर खरोखर ऐकू येतात. नायकाला सुरुवातीला जसा त्या आवाजांचा अर्थ लागत नाही, तसाच श्रोत्यालाही लागत नाही. दोघे बरोबरच शिकतात. या ध्वनिमुद्रणाला २०२२ साली अमेरिकेतील ऑडी पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम श्राव्य पुस्तकाचा मान मिळाला. येथे ऐकणारा काही गमावीत नाही. छापील प्रत वाचणाराच काही गमावतो.

शिवाय काही विज्ञानकथा मुळातच कानांसाठी जन्मल्या. डग्लस अ‍ॅडम्स यांची 'द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी' ही १९७८ साली बीबीसीवर नभोनाट्य म्हणून प्रसारित झाली; पुस्तक १९७९ साली निघाले. तेव्हा पुस्तक 'मूळ' आणि ध्वनी 'दुय्यम' ही विभागणी सर्वत्र लागू पडत नाही.

६.३.४ आवाजाचे लिंग, आवाजाचा चेहरा

उर्सुला ल ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीतील ग्रहावरची माणसे बहुतांश काळ ना स्त्री असतात, ना पुरुष. हे कागदावर वाचताना वाचक हळूहळू स्वतःच्या कल्पना सोडू लागतो. ऐकताना मात्र निवेदकाचा कंठ सामान्यतः स्त्रीचा किंवा पुरुषाचा म्हणूनच ऐकू येतो आणि वाचकाने सोडलेली कल्पना तो पुन्हा त्याच्या हाती देतो. मराठीत अडचण दुहेरी, कारण आपले क्रियापदही 'आला' की 'आली' हे विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही.

चेहऱ्याचा प्रश्न टॉल्किनच्या बाबतीत येतो. त्यांच्या कादंबरीचे एक संपूर्ण वाचन १९९० साली रॉब इंग्लिस यांनी केले आणि दुसरे २०२१ साली अँडी सर्किस यांनी. दोन्ही पन्नास तासांहून अधिक आहेत. सर्किस यांनीच चित्रपटांत गोलमची भूमिका केली होती. त्यामुळे त्यांचा गोलम ऐकताना पडद्यावरचा चेहरा समोर येतो. अनेकांना तोच आनंद वाटतो. इंग्लिस यांच्या वाचनात नाट्य कमी आहे, कथेकऱ्याचा धीमेपणा अधिक आहे, आणि पुस्तकातील गाणी ते गाऊन दाखवितात. छापील प्रत वाचणारे पुष्कळ जण ती गाणी ओलांडून पुढे जातात, हे उघड गुपित आहे. श्रोत्याला ती सहसा ओलांडता येत नाहीत, आणि त्यामुळेच ती त्याला भेटतात. स्वतः टॉल्किन यांनी १९५२ साली एका मित्राच्या घरी ध्वनिमुद्रकावर आपल्या लेखनाचे काही भाग वाचले आणि गायले होते. लेखकाच्याच कानात ते गाणे होते, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो. प्रस्तुत लेखकाची पसंती इंग्लिस यांना आहे. परंतु आपली पसंती निराळी असल्यास ती कारणांसह मांडावी.

६.३.५ अभिप्राय लिहिताना

एका स्वाध्यायात आलेला अभिप्राय पाहा : "कादंबरी चांगली आहे पण फार लांबण लावली आहे. आवाज छान आहे." यातील 'लांबण' कोणाची? लेखकाने वर्णने वाढविली, निवेदक संथ वाचतो, की श्रोत्याने रोज दहा मिनिटे ऐकून पुस्तक तीन महिने पुरविले? त्याच विद्यार्थ्याने चर्चेनंतर लिहिले : "प्रवासाची वर्णने दीर्घ आहेत, पण तीच मी दुसऱ्यांदा निवांत ऐकली तेव्हा आवडली. निवेदक सर्व वृद्ध पात्रांना एकच खोकरा आवाज देतो, त्यामुळे सभेच्या प्रकरणात कोण बोलते ते कळत नाही. पुढे मी ते प्रकरण मित्राकडून छापील प्रतीतून वाचून घेतले." हा अभिप्राय तीन वाक्यांचाच आहे, पण त्यातील प्रत्येक विधान पडताळून पाहता येते.

आपण दीडपट वेगाने ऐकले असल्यास तेही प्रामाणिकपणे नोंदवावे. रहस्यप्रधान कथेला वेग सोसतो; ल ग्विनला सोसत नाही. तसेच कोणत्या निवेदकाची आवृत्ती ऐकली, ती संपूर्ण होती की संक्षिप्त, हे न लिहिता दिलेले मत अपुरे समजावे. भाषांतरित कवितेवर बोलताना आपण अनुवादकाचे नाव घेतो, तसेच हे आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' ऐकताना मूळ संहितेतील कोणता घटक हरवतो? निवेदक त्याची भरपाई कशी करतो?
आ) 'प्रोजेक्ट हेल मेरी' या कादंबरीत ध्वनीमुळे कोणता लाभ होतो?

६.४ सरावासाठी स्वाध्याय

१. 'ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे' या मताची बाजू आणि त्याविरुद्धची बाजू या घटकातील उदाहरणांच्या आधारे मांडा.
२. मराठी क्रियापदातील लिंगभेदामुळे विज्ञानकथेच्या अनुवादकापुढे व निवेदकापुढे कोणत्या अडचणी येतील, याची चर्चा करा.

६.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील दृष्टिहीन वाचकाला भेटून त्यांनी ऐकलेल्या तीन पुस्तकांविषयी त्यांची मते नोंदवून घ्या. त्यांतील एका विज्ञानकथेची किंवा अद्भुतिकेची छापील प्रत मिळवून त्यांना न कळलेला वा चुकीचा ऐकू आलेला भाग दोघांनी मिळून पुन्हा वाचा. नोंदवहीत त्यांचे मत त्यांच्याच शब्दांत लिहा.