चिकित्सालयातील विजया-कपाट : कुंडीचे नव्हे, कुलपाचे



गेल्या पावसाळ्यात नेसरी येथील आमच्या चिकित्सालयात एक गृहस्थ आले. त्यांच्या वृद्ध मातोश्रींना संधिशूल व अनिद्रा यांचा जुना त्रास आहे. कॅनडास्थित मुलाने त्यांना काही माहिती पाठविली होती. घरातील लहान कपाटात दिवे, पंखा व कुंड्या ठेवून औषधी भांग कशी वाढवावी, याचे ते सचित्र वर्णन होते. "डॉक्टर, आपण तर वैद्य आहात. आपल्या कपाटात दोन रोपे लावली तर काय बिघडते?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. पुढे दोन तरुण सहव्यवसायी मित्रांनीही हाच प्रश्न विचारला. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा क्रमाने विचार करीत आहोत.

१. द्रव्यविचार

आपल्या चिकित्सेतील विजया म्हणजे भांगेचे पान. आयुर्वेदिक फार्माकोपियात विजया या नावाने पानाचेच वर्णन असून मात्रा १२५ ते २५० मिलिग्रॅम दिली आहे. भावप्रकाशात हे द्रव्य तिक्त, लघु, तीक्ष्ण, उष्ण, ग्राही, पाचन व पित्तकर सांगितले असून मोह व मद उत्पन्न करण्याचा त्याचा स्वभावही सांगितला आहे. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून अहिफेनासोबत भांगेचाच उल्लेख केला आहे. जे प्रथम सर्व शरीर व्यापते व नंतर पाक पावते ते व्यवायी. जातिफलादि चूर्ण, मदनानंद मोदक, त्रैलोक्यविजया वटी हे तिचे परिचित कल्प होत.

कपाटातील लागवडीचा हेतू मात्र पान हा नसतो. भांगेची नर व मादी झाडे सामान्यतः वेगळी असतात. दिवस लहान होऊ लागला की झाड फुलोऱ्यावर येते. कपाटात दिव्यांचे तास कमी करून हाच ऋतुबदल कृत्रिमरीत्या घडविला जातो आणि मादी झाडाचे राळयुक्त शेंडे मिळविले जातात. हे शेंडे म्हणजेच गांजा. म्हणजे ज्या कपाटाबद्दल विचारणा होते, त्यातून निघणारे द्रव्य आपल्या पाठातील विजयापत्र नव्हेच. हा भेद ध्यानात ठेवल्यास पुढील कायद्याचा भाग सहज उमगतो.

२. कायद्याची रेषा

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरस, गांजा व त्यांची मिश्रणे यांचा कॅनाबिसच्या व्याख्येत समावेश आहे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. मात्र ही सवलत पानापुरती आहे, झाडापुरती नाही. कलम ८ नुसार भांगेच्या कोणत्याही झाडाच्या लागवडीस मनाई असून कलम २० खाली त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेत, परसबाग वा कपाटातील कुंडी असा भेद कायदा करीत नाही. बी. ए. एम. एस. पदवी अथवा नोंदणी प्रमाणपत्र हा लागवडीचा परवाना नव्हे.

कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घरात ४ झाडे, तर जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस ३ झाडे लावण्याची मुभा आहे. कपाटाच्या कृती अशा देशांतून आपल्याकडे येतात, त्यांचे कायदे मात्र सोबत येत नाहीत. आपल्या देशातही संशोधनार्थ लागवड होते. जम्मू येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन हे तिचे उदाहरण होय. परंतु ती शासकीय परवान्याने व बंदोबस्तात होते.

पानासंबंधीचे नियमन राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांगेची आयात, वाहतूक, विक्री व बाळगणे यांवर नियंत्रण आहे. आपल्या गडहिंग्लज व चंदगड तालुक्यांतील औषधालयांचा बराच माल बेळगावहून येतो, म्हणून हा मुद्दा आपणांस अधिक महत्त्वाचा. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात भांग एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाही असे मत नोंदविले. त्यावरून राज्याची सीमा ओलांडून कच्ची भांग आणण्यास हरकत नाही, असा अर्थ काढणे घातक ठरेल. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यांना औषध कायद्यात उत्पादन परवान्यापासून सूट आहे. परंतु ती सूट दारूबंदी कायद्याला लागू होत नाही. यास्तव कच्च्या भांगेच्या वाटेस न जाता परवानाधारक उत्पादकाचे सिद्ध औषधच बिलासह घ्यावे. शंका असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडून लेखी मार्गदर्शन मागवावे.

३. एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्याच चिकित्सालयात घडलेली चूक येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. जातिफलादि चूर्णाची बरणी त्या वेळी इतर चूर्णांच्या रांगेतच असे. गर्दीच्या दिवशी मदतनिसाने लवणभास्कर समजून तेच चूर्ण एका वयस्क शेतकऱ्यास बांधून दिले. त्यांनी ताकाबरोबर चमचाभर घेतले. तासाभरात पोटास उतार पडेना म्हणून आणखी एक चमचा घेतला. पुढे भ्रम, मुखशोष, हृद्‌द्रव व विलक्षण भीती उत्पन्न झाली. घरच्यांनी त्यांना रुग्णालयात नेले व रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी ते सावरले. आम्ही स्वतः जाऊन चूक कबूल केली.

मुखावाटे घेतलेल्या विजयेचा परिणाम दिसण्यास एक ते दोन तास लागू शकतात. या अवधीत रुग्ण दुसरी मात्रा घेतो आणि अपाय होतो. तसेच शोधनामुळे द्रव्य निर्वीर्य होते हा समजही योग्य नाही. भांग धुऊन, वाळवून, गोघृतात भर्जन केल्यावर तिची मादकता उरतेच. उष्णतेने पानातील आम्लरूप घटकाचे सक्रिय घटकात रूपांतर होते आणि तो घटक स्निग्ध पदार्थात विरघळतो.

४. कपाटाची मांडणी

त्या प्रसंगानंतर आम्ही पुढीलप्रमाणे व्यवस्था केली.

(अ) जागा : लहान लोखंडी कपाट आतील कोरड्या भिंतीवर, रुग्णांच्या नजरेआड बसवावे. आपल्याकडील पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीस ओल येते. ओलीने चूर्णाचे गोळे होतात व बुरशी धरते.

(आ) कुलूप : किल्ली वैद्याकडेच असावी. मदतनिसाने काढून द्यावयाची औषधे या कपाटात ठेवू नयेत.

(इ) पात्रे : गडद काचेच्या, घट्ट झाकणाच्या बरण्या व आत सिलिका जेलची पुडी. प्रकाश, उष्णता व हवा यांनी विजयेतील मुख्य घटकाचा ऱ्हास होतो. मूळ वेष्टनातील औषध शक्यतो त्यातच ठेवावे.

(ई) ओळख : भांगेचा समावेश शेड्यूल ई-१ मध्ये आहे (बिया वगळून). अशा पोटात घेण्याच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत असणे आवश्यक आहे. ती नसल्यास माल परत करावा. आमच्याकडे बरणीस लाल पट्टीही असते.

(उ) मात्रा : चमच्याने देऊ नये. काट्यावर तोलून प्रत्येक मात्रेची पुडी बांधावी व पुडीवर मराठीत वेळ लिहावी. 'गुण न आल्यास दुसरी पुडी घेऊ नये' हे तोंडीही सांगावे. वाहन चालविणारे, गर्भिणी, हृद्रोगी व मनोविकाराचा पूर्वेतिहास असणारे यांना हे कल्प देऊ नयेत.

(ऊ) नोंदवही : दिनांक, बॅच क्रमांक, आवक, रुग्ण, दिलेले वजन व शिल्लक असे सहा रकाने पुरेत. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष वजन करून शिल्लक पडताळावी. मुदतबाह्य औषध उकिरड्यावर न टाकता नोंद करून उत्पादकाकडे परत पाठवावे.

यांतील कुलूप व नोंदवही यांची सक्ती आम्हांवर कोणी केलेली नाही. तो आम्ही स्वतःस घातलेला नियम आहे.

उपसंहार

त्या गृहस्थांस आम्ही रोपे लावण्यास स्पष्ट नकार दिला व मातोश्रींस तपासणीसाठी आणण्यास सांगितले. त्यांची चिकित्सा विजयेविना, अभ्यंग, स्वेदन व अश्वगंधा यांनी चालू आहे. वेदना पूर्ण गेलेल्या नाहीत, परंतु झोप सुधारली आहे. कपाटात काही वाढवावयाचेच असेल तर खिडकीतील कुंडीत ब्राह्मी, मंडूकपर्णी लावावी. विजयेसाठी मात्र कुलपाचेच कपाट असावे. आपल्या चिकित्सालयातील ती बरणी आज कोठे आहे व तिची किल्ली कोणाकडे आहे, हे प्रत्येकाने हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वी एकदा पाहावे, ही नम्र विनंती.