रैन बसेऱ्यासाठी विणताय? आधी हिशेब बघा

धार किंवा देवासच्या रैन बसेऱ्यात यंदाच्या थंडीत हातानं विणलेलं काही द्यायचं मनात असेल, तर ब्लँकेट विणायला घेऊ नका. कानटोपी करा. मोठ्या माणसाच्या टोपीला ८० ते १०० ग्रॅम लोकर लागते, खर्च साठ ते शंभर रुपये येतो आणि हाताला सवय असेल तर दोन संध्याकाळींत टोपी सुईवरून उतरते. ब्लँकेटला किलोभर लोकर, सातशे ते हजार रुपये आणि तुमचा अख्खा महिना जातो. तेवढ्या पैशांत बाजारात दोन-तीन तयार ब्लँकेटं मिळतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांसाठी केंद्राच्या शहरी आजीविका मिशननं (ते सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं) नियम घालून दिले होते. त्यांत गादी, चादर, ब्लँकेट पुरवणं हे निवारा चालवणाऱ्यांचं काम धरलेलं होतं. पांघरूण बसेऱ्याचं असतं, ते सकाळी तिथंच राहतं. पहाटे उठून मजुरांच्या चौकात कामासाठी उभा राहणारा माणूस बाहेर पडतो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. त्याच्यासोबत जातं ते डोक्याला, गळ्याला आणि पायांना. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कानटोपी, मग मोजे, मग मफलर. बिनबाह्यांचा स्वेटर जमला तर. पूर्ण स्वेटर नकोच. त्याला अर्धा किलो लोकर जाते, माप चुकलं की तो कुणाच्याच अंगाला बसत नाही, आणि हिवाळ्यात रस्त्याकडेच्या मांडवात तयार स्वेटर तेवढ्याच पैशांत मिळतो.

किती करायच्या? आधी विचारा, मग टाके घाला. लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय, असं त्या नियमांतलं प्रमाण होतं. २०११ च्या जनगणनेत धार लाखाच्या थोडं आत होतं आणि देवास तीन लाखांच्या आत. पण कागदावरची क्षमता आणि रात्री प्रत्यक्ष झोपणारी माणसं यांत फरक असतो. तेव्हा तीन आकडे मागा: सध्या किती जण येतात, त्यांत बायका किती, मुलं किती. एकट्यानं विणणार असाल तर वीस टोप्यांचं लक्ष्य ठेवा. भगिनी मंडळानं किंवा महाराष्ट्र समाजातल्या दहा-बारा जणींनी मिळून मनावर घेतलं तर शंभर सहज होतात. चाळीस माणसांच्या खोलीत दहा टोप्या घेऊन जाऊ नका. वाटताना भांडण होतं आणि ते तिथल्या व्यवस्थापकाला निस्तरावं लागतं. टोप्या कमी असतील तर फक्त म्हाताऱ्यांसाठी किंवा फक्त मुलांसाठी, असं आधीच ठरवून द्या.

कुठं विचारायचं? देवासला महानगरपालिका म्हणजे नगर निगम आहे, धारला नगर पालिका परिषद. दोन्हीकडे बेघरांच्या निवाऱ्यांचं काम बघणारी शाखा कुठं बसते ते विचारा. रैन बसेरा, म्हणजे सरकारी भाषेत 'आश्रय स्थल', कुठं आहे, कोण चालवतं आणि व्यवस्थापकाचा नंबर काय, हे तिथं कळतं. निवारे हलतात आणि चालवणारी संस्थाही बदलते. गेल्या वर्षीच्या पत्त्यावर पिशव्या घेऊन थेट जाऊ नका, आदल्या दिवशी फोन करा.

कागद कोणते? वीस टोप्या द्यायला कुठलाही परवाना लागत नाही. तरी हिंदीत चार ओळींचा अर्ज सोबत ठेवा. देवासला तो आयुक्तांच्या नावे आणि धारला मुख्य नगर पालिका अधिकाऱ्यांच्या नावे लिहा. काय देणार, किती देणार, कुठल्या दिवशी आणि तुमचा फोन नंबर, एवढं पुरे. त्याची दुसरी प्रत काढा आणि तिच्यावर पोच घ्या. आधारची झेरॉक्स कुणी मागितली तर कशासाठी ते विचारा. टोप्या देण्यासाठी ती लागायचं काही कारण नाही. तुमच्याकडून कसलंही शुल्क घेतलं जात नाही, आणि राहणाऱ्यांकडून तर टोपीचा एक रुपयाही घेतला जाता कामा नये. व्यवस्थापकाला हे स्पष्ट शब्दांत सांगा.

करसवलतीचं आमिष कुणी दाखवलं तर सावध व्हा. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूंवर मिळत नाही. लोकर, विणलेले कपडे, तुमचे तास यांतलं काहीच तिच्यात बसत नाही. 'टोप्या आम्हाला द्या, आम्ही ८०जीची पावती देतो' असं म्हणणाऱ्या संस्थेला नियम ठाऊक नाहीत, किंवा ठाऊक असूनही ती बोलते आहे. 'वाटपाचा खर्च' किंवा 'हाताळणी' म्हणून टोपीमागे पैसे मागणाऱ्यांकडेही जाऊ नका. बसेरा तुमच्याच गावात आहे, स्वतः जा.

लोकर. हाताच्या विणकामाची साधी अ‍ॅक्रिलिक लोकर किरकोळीत १०० ग्रॅमला साधारण ७० ते १०० रुपये पडते. वर्धमान, ओसवाल, गंगा ही लुधियानाकडची नावं बहुतेक दुकानांत दिसतात. वीस टोप्यांना १.८ किलो आणि उसवाउसवीला थोडी वरची धरून २ किलो घ्या. म्हणजे १,४०० ते २,००० रुपये. घरात सुया नसतील तर जोडीला साठ ते सव्वाशे रुपये, क्रोशाच्या सुईला तीस ते ऐंशी. दुकानागणिक दर बदलतात, त्यामुळे दोन ठिकाणी विचारल्याशिवाय पिशवी उघडू नका.

पैसे कुठं जास्त जातात ते बघा. पाकीटबंद गुंडीवर निव्वळ वजन आणि छापील किंमत असलीच पाहिजे. त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे 'वर जीएसटी लागेल' हे ऐकून घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानदार जुना साठा जुन्याच भावानं लावत असेल तर हे सांगून भाव करा. सुटी लोकर तोलून घेताना आतली पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची नळी वजनात धरली जाते आहे का ते बघा. किलोभर लोकरीत चार-पाच नळ्या असतील तर तुम्ही लोकरीच्या भावानं पुठ्ठा घेता. काही ठिकाणी कार्डानं पैसे दिले की दोन टक्के वर लावतात, तिथं यूपीआय वापरा.

ऑनलाइन भाव स्वस्त दिसतो. लोकर हलकी पण फुगीर असते, आणि कुरिअरवाले पुष्कळदा खोक्याचं आकारमान मोजून पैसे लावतात: लांबी, रुंदी आणि उंचीचे सेंटिमीटर गुणायचे आणि ५,००० नं भागायचे, जे उत्तर येईल तेवढे किलो. दोन किलो लोकरीचं खोकं असं चार किलोचं होतं. 'डिलिव्हरीसह' भाव किती, ते बघूनच तुलना करा. इंदूरला जायचं तर तीन-चार किलो एकदम घ्यायची असेल तरच जा. दोन किलोंसाठी बसभाडं, रिक्षा आणि राजवाड्याजवळची कचोरी धरली की वाचलेले पैसे तिथंच खर्च होतात.

फुकटची लोकरही असते. प्रत्येक मराठी घराच्या माळ्यावर उरलेल्या गुंड्यांची एक पिशवी असतेच, ती मागून घ्या. जुना हातविणीचा स्वेटर उसवून लडी करा, कोमट पाण्यात धुवा, ओली असतानाच ताणून वाळवा, धागा सरळ होतो. मशीनचा शिवलेला स्वेटर मात्र उसवायला घेऊ नका. कडेला कापलेला असला की हातात वीतभराचे तुकडे येतात.

अ‍ॅक्रिलिक की खरी लोकर? बसेऱ्यात कपडे धुण्याचा सोडा, गरम पाणी, जमलं तर मशीन अशा कशातही धुतले जातात. त्यात खरी लोकर आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. अ‍ॅक्रिलिक टिकतं, कसर लागत नाही, स्वस्तही पडतं. पण त्याचा एक मोठा दोष आहे: आगीजवळ ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. थंडीत चौकाचौकांत शेकोट्या पेटतात आणि बेघर माणूस त्यांच्या अगदी जवळ बसतो. म्हणून मफलरला झालर लावू नका, टोकं लोंबतील इतका तो लांब करू नका, गोंडे नकोत. १५० सेंटिमीटर लांब आणि १८ रुंद पुरे. एवढ्याला दोनशे ग्रॅमच्या आत लोकर लागते. खरी लोकर मिसळलेला धागा परवडत असेल तर मफलरला तो वापरा आणि टोपीला अ‍ॅक्रिलिक.

रंग गडद घ्या: मरून, निळा, राखी, तपकिरी. पांढरा आणि फिका गुलाबी चार दिवसांत मळतो. जाळीची वीण नको. काकूंना क्रोशाची जाळी काढायचा मोह होतोच, आणि ती दिसतेही सुरेख. पण तिच्यातून वारा शिरतो आणि बोटं अडकतात. ती जाळी घरच्या टीपॉयसाठी ठेवा.

माप असं धरा. चार पदरी लोकर दुहेरी घ्या, ७ नंबरची सुई म्हणजे साडेचार मिलिमीटरची. ८८ टाके घाला आणि दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी विणत जा. साधारण २५ सेंटिमीटर झालं की टाके कमी करत वर आवळा आणि पाठीमागे शिवा. ही पट्टी ताणते, म्हणून बायका आणि पुरुष दोघांना बसते. खालची कड पाच सेंटिमीटर दुमडली की कान झाकतात. तुमचा हात घट्ट असेल तर सुई ६ नंबरची घ्या. मोजे जाड आणि नळीसारखे सरळ विणा. टाचेची वीण घातलीत तर माप ठरून जातं, सरळ नळी कुठल्याही पायाला बसते. मुलांच्या टोप्यांना बंद, मणी, बटणं काही लावू नका. लहान मूल ते तोंडात घालतं.

मंडळात ज्यांना फक्त चौकोन विणता येतो त्यांनाही सामावून घ्यायचं असेल, तर तेवढ्यापुरतं ब्लँकेट करा. अमेरिकेतल्या 'वॉर्म अप अमेरिका' या संस्थेची पद्धत सोयीची आहे: प्रत्येकीनं ७ बाय ९ इंचाचे तुकडे विणायचे आणि ४९ तुकडे जोडून एक पांघरूण करायचं. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटानं ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीजमध्ये नोंद केली. तेही ठिकठिकाणच्या बायकांनी पाठवलेल्या तुकड्यांचंच होतं. युक्ती एवढीच की पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकच लोकर, एकाच नंबरची सुई आणि पुठ्ठ्याचा मापाचा तुकडा द्यायचा. 'अंदाजे सात इंच' म्हणालात तर जोडणीला दुप्पट वेळ जाईल. हे ब्लँकेट बसेऱ्यात आजारी माणसासाठी किंवा तान्ह्या मुलाच्या आईसाठी म्हणून द्या.

कधी? माळव्यात थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जोर धरते आणि जानेवारीत कडक असते. दसऱ्याला सुरुवात करा, नोव्हेंबरअखेर संपवा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचवा. संक्रांतीची वाट बघू नका. तेव्हा दानाची झुंबड उडते, एकेका माणसाला तीन-तीन ब्लँकेटं मिळतात आणि तोवर निम्मी थंडी त्यानं उघड्या डोक्यानं काढलेली असते. वेळ संध्याकाळची सात ते नऊ. दुपारी गेलात तर खोली रिकामी असेल आणि तुमची पिशवी कपाटात जाईल.

नेण्याआधी टोप्या एकदा धुऊन उन्हात वाळवा. डांबराच्या गोळ्या घालू नका, तो वास डोक्याला नको. लहान, मोठी अशा दोन वेगळ्या पिशव्या करा आणि वर हिंदीत चिठ्ठी लावा. जमेल तितक्या टोप्या ज्याच्या त्याच्या हातात द्या, रंग त्यांना निवडू द्या. फोटो काढायचा तर टोप्यांचा काढा, माणसांचा नको. विचारूनही नको, कारण हातात टोपी असलेल्याला विचारलं तर तो नाही म्हणत नाही.

देऊन झाल्यावर पंधरा दिवसांनी एकदा फोन करा. नवी माणसं आली असतील, काही टोप्या हरवल्या असतील, मोजे कमी पडले असतील. म्हणून लोकरीतली दोनशे-तीनशे ग्रॅम शिल्लक ठेवलेली बरी.

बसेऱ्यापर्यंत न पोचलेली माणसं बस स्टँडवर आणि जिल्हा रुग्णालयाच्या आवारात दिसतील. दोन टोप्या गाडीच्या डिकीत असू द्या आणि हे नंबर फोनमध्ये: एकटं मूल दिसलं तर १०९८, निराधार वृद्ध असेल तर १४५६७, कुणी आजारी असेल तर १०८, आणि बसेऱ्यात जागा असूनही कुणाला परत पाठवलं तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१. तक्रार केलीत तर तिचा क्रमांक लिहून घ्या.