जिऱ्याच्या तोंडात मावेल असा दाणा तळ्यात आहे का?



16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. नावा काठाला बांधलेल्या. पण ज्यांचं नर्सरीचं तळं आहे, त्यांचं खरं काम याच दिवसांत असतं. म्हणून आज जिऱ्याच्या खाण्याबद्दल.

तळ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरा. बारीक ठिपके उड्या मारताना दिसतील. हे प्राणीप्लवक, आपल्या भाषेत पाण्यातले किडे. कटला जन्मभर मुख्यतः हेच खातो. रोहू-मृगळचा जीराही सुरुवातीला यावरच जगतो.

हे किडे सगळे एका मापाचे नसतात, आणि बाराही महिने सारखे राहत नाहीत. रोटिफर इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. मोइना साधारण 1 मिमी, डॅफ्निया त्याहून मोठा. पाणी तापलं की हे लवकर वयात येतात, म्हणून अंग लहानच राहतं. थंड पाण्यात वाढ सावकाश होते, पण अंग भरतं. शिवाय मासा मोठा दाणा आधी टिपतो, त्यामुळे मासे दाटीने असलेल्या तळ्यात बारीकच उरतात.

उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातही हंगामाचा असाच खेळ आहे. तिथला कॅलॅनस वसंतात शेवाळ खाऊन वाढतो, अंगात तेलाची पिशवी भरतो आणि हिवाळा खोल पाण्यात उपाशी काढतो. पाणी कोमट झालं की तिथे अटलांटिककडची लहान, कमी तेलाची जात जास्त दिसते. मग त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांना पोट भरायला जास्त खपावं लागतं.

आपल्याकडे हा बदल महिन्यांत नाही, दिवसांत होतो. शेणखत टाकून पाणी भरलं की आधी रोटिफर वाढतो, मग मोइना, मग डॅफ्निया आणि सायक्लॉप्स. तीन दिवसांच्या जिऱ्याचं तोंड एवढंसं, त्याला रोटिफरच हवा. एका वर्षी मीच खत टाकलं, पण जीरा यायला उशीर झाला. तळं किड्यांनी भरलेलं पाहून मी खूश होतो. पण किडे मोठे झाले होते! जिऱ्याला ते गिळता येईनात, उलट सायक्लॉप्स जिऱ्यालाच चावतो हे मला नंतर कळलं. बहुतेक जीरा गेला. पैसे समितीचे होते, म्हणून जास्त लागलं.

तेव्हा जिऱ्याची तारीख पक्की झाल्यावरच खत टाका. सोडायच्या आदल्या दिवशी तळ्याच्या चार-पाच ठिकाणचं मिळून 50 लिटर पाणी प्लँक्टनच्या जाळीतून गाळा. जे उरेल ते नळीत घ्या, चिमूटभर मीठ टाका. खाली 1 ते 2 मिली गाळ बसला तर खाणं पुरेसं आहे. पण नुसता गाळ मोजू नका, दाणा केवढा आहे तेही पाहा. उड्या मारणारे मोठे किडेच जास्त दिसले तर थांबा, बारीक जाळी ओढून ते काढा.

जाळी आणि भिंग समितीत आहे. बाटलीत पाणी भरून संध्याकाळी घेऊन या, सोबत बसून पाहू.

— सचिव
लोधीपुरा