इलिनॉयचे गव्हर्नर एडवर्ड कोल्स

अमेरिकेतील गुलामगिरीचा विषय निघाला म्हणजे आपणांस अब्राहाम लिंकन ह्यांचे नाव तेवढे आठवते. परंतु लिंकन ज्या इलिनॉय संस्थानातून पुढे आले, ते संस्थान एकदा गुलामगिरीच्या उंबरठ्यावरून परत फिरले होते, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक नसते.

एडवर्ड कोल्स ह्यांचा जन्म १७८६ साली व्हर्जिनियात एका धनाढ्य जमीनदाराच्या घरी झाला. कॉलेजात त्यांचे गुरू बिशप जेम्स मॅडिसन हे होते. (ह्याच नावाचे अध्यक्ष मॅडिसन ते निराळे.) गुलामगिरीचे तत्त्वतः समर्थन करता येत नाही, परंतु ती मोडणे कठीण म्हणून चालू द्यावी लागते, असे बिशपसाहेब सांगत. शिष्यास पूर्वार्ध पटला. उत्तरार्ध मात्र कधीच पटला नाही. बाप गुलाम आपल्या नावे ठेवणार नाही ह्या भीतीने त्यांनी आपला विचार घरी सांगितला नाही. १८०८ साली वडील वारले व जमिनीबरोबर काही गुलाम त्यांच्या वाट्यास आले.

पुढे ते अध्यक्ष मॅडिसन ह्यांचे खासगी चिटणीस झाले. १८१४ साली त्यांनी वृद्ध जेफरसन ह्यांस पत्र लिहून गुलाममुक्तीच्या कार्यात पुढाकार घेण्याची विनंती केली. हे काम तरुणांचे आहे, असे जेफरसन ह्यांनी उत्तर दिले. ज्याने सर्व मनुष्ये समान असल्याचे जाहीर केले, त्याच लेखणीचे हे उत्तर!

व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे मुक्त केलेल्या गुलामास एका वर्षाच्या आत ते संस्थान सोडावे लागे. सबब १८१९ साली कोल्स आपल्या लोकांस घेऊन इलिनॉयकडे निघाले. ओहायो नदीत नावा चालल्या असता त्यांनी सर्वांस जवळ बोलावून, तुम्ही आजपासून स्वतंत्र आहा, असे सांगितले. इलिनॉयात प्रत्येक कुटुंबप्रमुखास त्यांनी १६० एकर जमीन दिली.

१८२२ साली गव्हर्नराच्या निवडणुकीत चार उमेदवार होते. गुलामगिरीस अनुकूल मते दोघांत वाटली गेली आणि कोल्स अवघ्या १६७ मतांनी निवडून आले. तिसरा हिस्सा मतदारांच्या बळावर आलेल्या मनुष्याने सांभाळून वागावे, असे कोणीही म्हटले असते. परंतु पहिल्याच भाषणात त्यांनी, १७८७ च्या कायद्याने मना असूनही तेथे उरलेली गुलामी नाहीशी करावी, असे सांगितले. विरोधक खवळले. गुलामगिरी कायदेशीर करता यावी म्हणून नवी घटनापरिषद बोलावण्याचा त्यांनी घाट घातला. त्यासाठी कायदेमंडळात दोन तृतीयांश मते लागत आणि एक मत कमी पडले. तेव्हा १८२३ च्या फेब्रुवारीत हॅन्सन नावाच्या सभासदाची जागा काढून घेऊन ती त्याच्या प्रतिस्पर्ध्यास देण्यात आली! ठराव झाला. त्या रात्री जमावाने ढोल व शिंगे वाजवीत व्हँडेलिया शहरात धिंगाणा घातला.

आता प्रश्न जनतेपुढे गेला. सुमारे अठरा महिने वाद चालला. कोल्स ह्यांनी चार वर्षांचा सारा पगार, म्हणजे ४००० डॉलर, ह्या कामी दिला. मॉरिस बर्कबेक नामक इंग्रज शेतकऱ्याने लेख लिहिले. बाप्तिस्त उपदेशक जॉन मेसन पेक ह्यांनीही परिषदेविरुद्ध कष्ट केले. २ ऑगस्ट १८२४ रोजी मतदान झाले: परिषदेच्या बाजूने ४९७२ व विरुद्ध ६६४०.

शत्रूंनी सूड घेण्यास निराळी वाट शोधली. मुक्त केलेल्या प्रत्येक गुलामाबद्दल जामीन द्यावा, असा तेथे कायदा होता. तो छापून लोकांस मिळण्यापूर्वीच कोल्स ह्यांनी मुक्तिपत्रे दिली होती. तरी त्यांच्यावर २००० डॉलरांचा दंड बसला. १८२६ साली वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला. काळ्या लोकांस जाचक असे कायदे मात्र पुढेही कित्येक वर्षे राहिले. ह्या कामी कोल्स ह्यांस यश आले नाही.

त्यानंतर मतदारांनी त्यांस पुन्हा निवडले नाही. १८३१ साली काँग्रेसच्या निवडणुकीत हरल्यावर ते फिलाडेल्फियास जाऊन राहिले. पुढे यादवी युद्धात त्यांचा एक पुत्र व्हर्जिनियाच्या, म्हणजे गुलामगिरीच्या, पक्षाकडून लढता लढता १८६२ साली मारला गेला. बाप जिवंत होता. १८६५ साली साऱ्या देशातील गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेही त्यांनी पाहिले. १८६८ साली ते वारले.